खोतांच्या वाटणीचे पाणी

आता हॉटेल झालेल्या या खोतवाड्यात तुम्हाला खोली मिळेल, आंघोळीला कुंडातले ऊन पाणी मिळेल. फक्त माडीवरच्या तसबिरीपुढचा तांब्या उचलू नका. तसबीर अंतोबा खोतांची, आणि पाणीही त्यांचेच.

आमच्या तापेऱ्या गावचे हे कुंड पूर्वी उघड्यावर होते म्हणे. सांधे धरलेली माणसे त्यात बसत आणि चालत घरी जात. गावचा गुरव धाकू रोज बसे. त्याशिवाय त्याचे पाय हलत नसत. खोतांनी वाडा बांधला तो कुंड पोटात घेऊन, आणि भोवती भिंत घातली. धाकू भिंतीबाहेर बसून राही. पावसाळ्यात त्याचे पाय आखडले, मग देवाला फूल वाहायची बोटेही. दिवाळी त्याने पाहिली नाही.

वास्तुशांतीला देवापुढे गाऱ्हाणे, म्हणजे गुरवाने सगळ्यांच्या वतीने करायचे मागणे, घालायचे होते. धाकूला मूलबाळ नव्हते. गाऱ्हाणे पाठ होते ते त्याच्या बायकोला, भिवराला. खोतांनी तिलाच बोलावले. लाज कशी वाटली नाही, देव जाणे.

भिवराने नारळ धरला.

"बा देवा म्हाराजा, खोतान ऊन पाणी आपल्या वाटणीक घेतल्यान हा. आता तेच्या वाटणीचा सगळा पाणी ऊनच होव दे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," गाव म्हणाला. गाऱ्हाणे नीट ऐकतो कोण? होकार द्यायचा एवढेच ठाऊक. सगळ्यांत मोठा आवाज खुद्द खोतांचा होता.

पूजा आटोपून खोतांनी पेला तोंडाला लावला आणि ओठ पोळले. माठातले, विहिरीतले, कोणी पाजलेले, सगळे पाणी त्यांच्यापुढे येताच कढत होई, निवतच नसे. मुलगा धावत भिवराच्या दारी गेला.

"काकी, गाऱ्हाणा फिरव."

"भिंत पाड."

"बाबा नाय म्हणतत. गाव हसात म्हणतत."

"मगे रवांदे. माज्या घोवाकय पाणीच होया होतां."

खोत तहानेने गेले. चिता विझण्याआधी मुलाने भिंत पाडली, असे सांगतात.

आजही पाहुण्यांच्या आधी गावचा माणूस कुंडात उतरतो. आजही रोज सकाळी त्या तांब्यात गार पाणी भरतात आणि दुपारपर्यंत ते ऊन होते. हॉटेलचे मालक शहरातले, भला माणूस. खोतांना शांती मिळावी म्हणून वर्षातून एकदा ते मला गाऱ्हाणे घालायला बोलावतात. मी धाकूच्याच भावकीतला. नारळ धरतो आणि भिवराचेच गाऱ्हाणे शब्दन् शब्द घालतो. मालक हात जोडून मोठ्याने म्हणतात, "व्हय म्हाराजा."