लाल चिखल

त्या रानात गवा राज्य करत होता, पण टेकाडावरच्या खडकावर त्याचंही चालत नसे. खडकावर टिटवी उभी राहून रानाची बातमी सांगे आणि तिला गप्प कर म्हणायची कुणाला मुभा नव्हती. अट एकच: जिथली बातमी, तिथला चिखल पायाला लावून यायचं, आधी पाय दाखवायचे, मग चोच उघडायची. टिटवी इतकी वर्षं खरं बोलत आली होती, की पाय बघायची सवय रानाला उरली नव्हती.

एका उन्हाळ्यात तळं नासलं. पाण्याला असा वास सुटला, की म्हणे दोन डोंगरांपलीकडचे मासे नाक धरून पोहत होते. होल्याने येऊन सांगितलं, "काल साळिंदर काठावर उकरत होता, बाई."

टिटवीने तळ्याकडे पाहिलं. ऊन मी म्हणत होतं. खडकाच्या पायथ्याशी पाझराचं, लाल मातीचं डबकं होतं. तिने त्यात पाय बुडवले, वर चढली आणि बातमी सांगून टाकली.

दुपारपर्यंत साळिंदर दोन पिलांसह ओढ्यापलीकडे हाकलला गेला.

"आज बोललीस खरी झणझणीत," ससा म्हणाला. टिटवीला ते गोड लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती तळ्यावर गेली. काठाचा चिखल काळाकुट्ट होता आणि त्यात परातीएवढे खूर उमटले होते. गव्याचा कळप आठवडाभर तिथेच लोळला होता. साळिंदराने थोडं वर, कोरड्यात, कंदांसाठी उकरलेलं दिसत होतं.

गवा झाडाखाली रवंथ करत होता. "बरं बोललीस काल, टिटवीबाई. आता तसंच राहू दे. कबूल केलंस तर तुला खडकावरून उतरवा म्हणतील. मग मी तरी कसा नाही म्हणू?"

टिटवी परत आली. तिने पाय वर धरले.

"हा चिखल काळा आहे. काल लाल होता. तळं गव्याच्या कळपाने नासवलं. काल मी तिथे गेलेच नव्हते."

सगळ्यांनी माना वर करून तिचे पाय बघितले. मग कासव म्हणालं, "खडक राहू दे तिला. पण आपणही काल पाय बघितले नाहीत."

टिटवी ओढा ओलांडून गेली. साळिंदराने तिचं सगळं ऐकून घेतलं. "काल तुझा आवाज माझ्या बिळापर्यंत आला होता, बाई," तो म्हणाला. "आजचा इथवर नाही आला. पिलं विचारतात, आपण काय केलं होतं?"

तो परतला नाही. टिटवी रोज बातमी संपली, की ओढ्याकडे तोंड करते आणि घसा फुटेस्तोवर ओरडते, "साळिंदराने पाणी नासवलं नाही."

डबकं त्या उन्हाळ्यातच आटलं. लाल चिखल वाळून दगड झाला आणि तिच्या पावलांचे ठसे त्यात तसेच राहिले. बातमी ऐकायला येणारे आता आधी तिथे थांबतात, ठशांकडे बघतात, मग मान वर करून तिच्या पायांकडे.