पापणी न लवणारा दरबार

एका राज्यात एक विलक्षण हिरा होता. कालदंड नावाच्या जादूगाराने तो राजा वीरकेतूला दिला आणि बजावले, "याच्यापुढे ज्याची पापणी लवेल, तो राज्य बुडवील." झाले! त्या दिवसापासून रोज सकाळी हिऱ्याची आरती संपेपर्यंत सारा दरबार टक लावून उभा राहू लागला. हिरा तेजाळत गेला आणि माणसांचे डोळे कोरडे पडत गेले.

राणी कुमुद्वतीचा मान पहिला, म्हणून ती सर्वांच्या पुढे. आधी तिचे डोळे खुपू लागले, मग लाल झाले, मग उजव्या डोळ्यात पांढरे फूल पडले. राजवैद्यांनी मध घातला, गुलाबपाणी घातले, रात्री पट्टी बांधली. आणि सकाळी पट्टी सोडून तिला पुन्हा हिऱ्यापुढे उभे केले. धन्य ते वैद्य! डाव्या डोळ्यातही फूल पडले, तेव्हा राजाने निवाडा दिला, "राणीची नजर पापी आहे. पौर्णिमेला तिला वनात सोडा."

राजकन्या शशिलेखेच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"महाराज, पाप आईचे नाही."

"मग कोणाचे?"

"शोधून सांगते."

ती वनात गेली. वडाच्या ढोलीतले घुबड डोळे मिटूनच बोलले, "पापणी नसलेल्या मासोळीला विचार. पापणी नसलेल्या नागाला विचार. मग पापणी असलेल्यांना जाब विचार."

सरोवरातली मासोळी म्हणाली, "मला पापणी नाही, म्हणून मी पाणी सोडत नाही. हे पाणी ने, आईचे डोळे धू." राजकन्येने कमंडलू भरून घेतला.

शापित धनावर बसलेला नाग म्हणाला, "मला पापणी नाही, म्हणून मी डोळ्यावर पारदर्शक कात पांघरतो. ही ने, फुलावर ठेव." राजकन्येने ती पदरात बांधली. मासोळीला कळते, सापाला कळते, आणि आमच्या दरबाराला कळत नाही! वाटभर ती धुमसत होती.

पौर्णिमेची सकाळ उजाडली. राणीसाठी मेणा दाराशी लागला होता. शशिलेखा सरळ हिऱ्यापुढे गेली आणि तिने डोळे मिटले.

"डोळे उघड, राज्य बुडेल," कालदंड गरजला.

"बुडू दे. माणसे आंधळी करून राखायचे, ते राज्य कसले?"

तिने डोळे उघडले नाहीत. म्हाताऱ्या सेनापतीने डोळे मिटले, प्रधानाने मिटले, मग साऱ्या दरबाराने मिटले. पाहणारे कोणी उरले नाही तसा हिरा काळवंडला आणि तडकला. इतक्या वर्षांत त्याने शोषलेले अश्रू भळभळा वाहिले, दरबारात गुडघाभर पाणी झाले. त्या पाण्यात कालदंड मिठाच्या खड्यासारखा विरघळला. राज्य होते तिथेच राहिले.

शशिलेखेने आईचे डोळे सरोवराच्या पाण्याने धुतले, त्यांवर नागाची कात ठेवली. कात उचलली तशी दोन्ही फुले तिच्याबरोबर निघून आली. दरबारातल्या साऱ्यांचे डोळेही पाणावले आणि निवळले.

राजा पुढे आला. मुकुट हातात होता, मान खाली होती.

"राणी, मी दिसतो का?"

"दिसता, महाराज," राणी म्हणाली. तिने त्याला नीट, आपादमस्तक पाहून घेतले आणि मग सावकाश डोळे मिटले. या वेळी तिला उघडायला सांगण्याची कोणाची छाती झाली नाही.