उंबऱ्यातला पाळक

तोफखान्यामागच्या दगडी चर्चच्या दारात, अगदी उंबऱ्याला लागून, एक थडगं आहे. पाहुण्यांना तिथली वडीलमंडळी सांगतात की शहराचे पहिले देशी पाळक केरूजी बोर्डे फार नम्र होते, म्हणून त्यांनी मरताना दारातली जागा मागितली. नम्रतेची गोष्ट सांगायला सोपी असते. मागच्या गल्लीतल्या बायका सांगतात ती निराळी.

मिशनच्या साहेबानं केरूजीच्या हाती मंडळी सोपवली, तेव्हाचं ते पहिलंच प्रभुभोजन म्हणे. प्याला एकच, चांदीचा. सगळ्यांनी त्यातूनच प्यायचं. केरूजी जन्मानं महार. त्याच्या हातून प्याला घ्यायलाच कुणबी-माळ्यांच्या घरांनी नाकं मुरडलेली. त्यात शेवटी, दाराशी बसली होती तान्हाबाई. मांगवाड्यातली सुईण, त्याच महिन्यात बाप्तिस्मा घेतलेली. मंडळीचे पंच आदल्या दिवशी केरूजीला बजावून गेले होते, "तिच्या तोंडचा प्याला पुन्हा आमच्या तोंडाला लागणार असेल, तर अकरा घरं उठून जातील. मग बसा भिंतींना उपदेश करत."

केरूजी भ्याला. दुसरा शब्द नाही. ज्याच्या ओंजळीत जन्मभर लोकांनी वरून पाणी ओतलं, त्यानंच तान्हाबाईपुढं करवंटी धरली.

ती हसली. "केरूबा, तुझ्या लेकाची नाळ ह्याच हातानं कापली. तवा न्हाई झाला इटाळ?" करवंटी उंबऱ्यावर पालथी घालून ती निघून गेली.

पुढं दर रविवारी तो तिच्या दारी जाई. ती एकच बोले, "समद्यांम्होरं त्याच प्याल्यातनं दे. येते." तो मान खाली घालून परते. असे तीन पावसाळे गेले आणि पटकीची साथ आली. तान्हाबाई पडल्याचं कळताच तो चांदीचा प्याला घेऊन भर बाजारातून मांगवाड्यात धावला. तिची दातखीळ बसली होती. प्याल्यातला द्राक्षरस ओठांवरून हनुवटीवर आणि तिथून गोधडीत ओघळला.

ती गेल्यानंतरच्या रविवारी तो मंडळीसमोर उभा राहिला. करवंटीचं सगळं सांगितलं आणि म्हणाला, "मला दारात पुरा. आत येणाऱ्या प्रत्येकानं माझ्यावर पाय दिलाच पाहिजे. दगड झिजून नाव पुसलं, की मी सुटलो."

आठवड्यात पटकीनं त्यालाही नेलं. पंचांनी त्याला दारात पुरलं, आणि प्याला राखेनं सात वेळा घासून घेतला.

आजही रविवारची घंटा झाली की वडीलमंडळी दाराशी थबकतात, चपला काढतात आणि लांब ढांग टाकून शिळा ओलांडतात. नाताळात तिच्यावर झेंडूचा हार असतो. एखाद्या पाहुण्याचा पाय पडलाच, तर खेकसतात, "अहो, बघून चाला! संतमाणूस आहे तो."

दीडशे वर्षं झाली म्हणतात. त्या नावातला एक काना झिजलेला नाही.