जिनाप्पाच्या आवडीचा सिनेमा

जयसिंगपूरच्या चित्रपट मंडळात एक रीत होती. सभासद वारला की त्याचा सगळ्यात आवडता सिनेमा त्याच्या नावानं दाखवायचा. मंडळाचा प्रोजेक्टर सांभाळणारा जिनाप्पा गेला, तेव्हा मंडळाच्या सभागृहातल्या बैठकीत त्याच्या धाकट्या भावानं, भरमूनं, दिग्दर्शक शिरोळ्यांचा शेवटचा सिनेमा सांगितला.

अध्यक्ष इनामदार सर हसले. "शिरोळ्यांचं खरं काम म्हणजे त्यांचा पहिला सिनेमा. शेवटच्याची पेंढारींच्या संगीतानं माती केली. अलीकडे तो संगीतकार संपलाच आहे."

"पण आई मुलाचं सामान बांधते, तिथं दादा दर वेळी रडायचा," भरमू म्हणाला.

"ते शिरोळ्यांचं कसब! संगीताचा तिथं काय संबंध? सातवी नापास तू, तुला काय कळणार?"

भरमूची मूठ वळली. आज खांद्यावर हात ठेवून आवरायला दादा नव्हता. भरमू तसाच उठला, प्रोजेक्टरमागच्या दादाच्या खुर्चीत जाऊन बसला आणि त्यानं तोच प्रसंग पडद्यावर लावला.

आई परगावी निघालेल्या मुलाच्या सदऱ्यांच्या घड्या घालू लागली. मिनिटभरातच सर वैतागले. "अरे, आवाज बंद का ठेवलास? आवाज लाव!"

"सर, या प्रसंगात कुणी एक शब्दही बोलत नाही. मग तुम्हाला आवाज कुणाचा हवाय?"

 सरांनी पडद्यावरच्या आईकडे पाहिलं.

"पेंढारींचा," ते हळूच म्हणाले. "लाव बाबा."

रविवारच्या खेळाच्या फलकावर त्याच सिनेमाखाली जिनाप्पाचं नाव सरांनी स्वतःच्या हातानं लिहिलं.