शिल्लक हवा

एकदा एक हळदीचा व्यापारी कॅरिबियन समुद्रातल्या एका चिमुकल्या बेटावर जाऊन पोहोचला. सांगलीच्या पेठेत त्याला सन्मतिशेठ म्हणत आणि त्याच्या शब्दाला तिथे मान होता. हळदीचे काम निघाल्याशिवाय या गृहस्थाने कधी जिल्हा ओलांडला नव्हता, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी स्वारी थेट पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला! कारण एकच. त्याची मुलगी त्रिशला तिथे होती.

त्रिशला समुद्राच्या तळाशी प्रवाळाची रोपवाटिका सांभाळत असे. मरू घातलेल्या प्रवाळाचे तुकडे जगवायचे, वाढवायचे आणि पुन्हा खडकावर लावायचे, असे ते काम. तीन वर्षांपूर्वी बापाच्या पेढीवर न बसता ती या कामासाठी निघाली, तेव्हा व्यापारी रागाने एक अक्षर बोलला नाही. तिला पोहोचवायलाही गेला नाही. पुढे तिचा फोन आला की तो मुकाट्याने बायकोच्या हातात देई. राग खरे तर आठवड्याभरात ओसरला होता. पण आता तोंड उघडायचे कसे, आणि आधी कोणी, या विचारात दिवाळीमागून दिवाळी गेली.

शेवटी मुलीनेच चिठ्ठी धाडली. ‘बाबा, माझं काम वर आणून दाखवता येत नाही. एकदा खाली येऊन बघा. मार्चअखेर इथला मुक्काम संपेल, पुढे कुठे पाठवतील ठाऊक नाही.’ व्यापाऱ्याने चिठ्ठी तीनदा वाचली आणि बायकोला म्हणाला, “माळ्यावरची बॅग काढ.”

बेटावर त्रिशला घ्यायला आली, पण प्रवास कसा झाला एवढेच काय ते बोलणे झाले. खाली जायचे तर स्कूबा शिकायला हवे. पाठीवर हवेची टाकी, तोंडात नळी, डोळ्यांवर काच. बेटावर ही विद्या शिकवणारे एक वृद्ध होते, आणि योगायोग असा की ते निघाले आपल्या देवगडचे! चाळीस वर्षांपूर्वी मालवाहू जहाजावर खलाशी म्हणून आले, तिथल्याच मुलीशी लग्न केले आणि राहिले. त्रिशला त्यांना तारीकाका म्हणे.

“पोहता येतं का, शेठ?” त्यांनी विचारले.

“कृष्णेच्या पुरात उड्या मारल्यात आम्ही. पाण्याला मी भीत नाही.”

“असां? मग माका भीती वाटता,” म्हातारा हसला. “एकच नियम लक्षात ठेवा. खाली श्वास धरायचा नाही. घ्यायचा, सोडायचा, पुन्हा घ्यायचा. बस.”

व्यापाऱ्याने मान डोलावली. पण ती नुसतीच डोलावली. वीस वर्षे तो पहाटे कृष्णेच्या घाटावर प्राणायाम करत होता. एकशे आठ मोजेपर्यंत श्वास कोंडून धरण्यात अख्ख्या सांगलीत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. त्यात टाकीतली हवा मोजकी आणि आपले शेठ काटकसरीचे! एक श्वास घ्यावा, छातीत दाबून ठेवावा, अगदीच राहवेना तेव्हा सोडावा, असा त्याने खाली क्रम धरला. एवढी सिद्धी असताना ती वापरू नये म्हणजे काय?

दोन दिवस उथळ पाण्यात गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी सगळे शिकाऊ जरा खोल जाऊन परत आले. टाक्यांचे काटे पाहिले, तर इतरांच्या टाक्यांत जेमतेम पाव हवा उरलेली आणि व्यापाऱ्याच्या टाकीत निम्म्याहून जास्त. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याचे डोके ठणकत होते, तरी चेहरा फुलला.

तारीकाकांनी काटा पाहिला, मग त्याचा चेहरा पाहिला. “डोकं दुखतंय?”

“थोडंसं. ऊन बाधलं असेल.”

म्हाताऱ्याने ती टाकी धक्क्याच्या फळीवर उभी केली आणि सरळ तोटी उघडली. सूं सूं करत हवा सुटली, धक्क्यावरचे पक्षी उडाले.

“अहो, अहो! निम्मी भरलेली आहे ती!” व्यापारी धावला. तारीकाकांनी एका हाताने त्याला अडवले आणि टाकी पार रिकामी होऊन थंड पडेपर्यंत ते तसेच उभे राहिले.

“उद्या तुम्ही खाली जायचं नाही,” ते म्हणाले.

व्यापाऱ्याच्या पायाखालची जमीन सरकली. उद्याच त्रिशलाबरोबर जायचे ठरले होते आणि परवा परतीचे विमान होते. “सगळ्यांत कमी हवा मी वापरली, काका. शाबासकी राहू द्या, पण ही शिक्षा कशाची?”

तारीकाका त्याच्या शेजारी फळीवर बसले. “शेठ, ही हवा तुम्ही वाचवली नाहीत, छातीत कोंडलीत. डोकं उगाच दुखत नाही. नीट ऐका. तीस फूट खाली समुद्र आपल्याला चहूबाजूंनी दाबून धरतो, म्हणून कोंडलेला श्वास तिथे गप्प बसतो. आपल्याला वाटतं, जमलं. पण वर निघालं की दाब उतरत जातो आणि तोच श्वास फुगू लागतो. वर पोहोचेतो दुप्पट होतो. सोडत सोडत आलात तर काही होत नाही. धरून ठेवलात तर छातीच फाटते. असा एक जण मी या हातांनी बाहेर काढलाय. तो तुमच्याहून चांगला पोहायचा.”

व्यापाऱ्याला दुसरेच काही आठवत होते. तीन वर्षांपूर्वीचा राग केवढासा होता! तेव्हाच बोलून टाकला असता तर तासाभराचे भांडण झाले असते आणि संध्याकाळी सगळे एका पंगतीला जेवले असते. पण राग ओसरला तरी अबोला धरून ठेवला, आणि एकेका न घेतलेल्या फोनाबरोबर तो फुगत गेला. आता तो इतका मोठा झाला होता की सोडता सोडवेना.

“काका,” त्याने हळूच विचारले, “एखाद्याने फार दिवस धरला असेल तर?”

म्हाताऱ्याने त्याच्याकडे क्षणभर निरखून पाहिले. “जिवंत आहे ना तो? मग वेळ आहे.”

“तर मग मला सोडायला शिकवा. आजच.”

त्या दिवशी दुपारभर म्हाताऱ्याने त्याला कमरेएवढ्या पाण्यात बुडायला लावले आणि गुणगुणत वर यायला लावले. गुणगुणणाऱ्याला श्वास धरताच येत नाही, एवढीच त्यातली युक्ती. शेठचा सूर असा दिव्य, की जवळपासचे खेकडे बिळात शिरले असतील! पण संध्याकाळी तारीकाका म्हणाले, “उद्या चला. मी हाताशी आहे.”

दुसऱ्या दिवशी तिघे खाली उतरले. तळाशी दोऱ्यांच्या रांगाच रांगा होत्या, आणि त्यांना बांधलेले बोटाएवढे प्रवाळाचे तुकडे, थेट हळकुंडांसारखे. प्रत्येक दोरीला क्रमांक आणि तारीख. त्रिशला साध्या दात घासायच्या ब्रशने दोरीवरचे शेवाळ खरवडत होती, इतक्या जपून, की बघताना बापाचे डोळे भरून आले. ही माझी पोर, आणि हे मी तीन वर्षे पाहिले नाही! त्याला हुंदका आला, तोंड वेडेवाकडे झाले, काच सैल झाली आणि खारे पाणी आत शिरले. तो घाबरला. जुन्या सवयीने छाती गच्च भरली, श्वास कोंडला आणि तो वेगाने वर निघाला.

तारीकाकांनी त्याचा घोटा पकडला. त्रिशलाने दोन्ही हातांनी त्याचे खांदे धरले, आपला चेहरा त्याच्या चेहऱ्यासमोर आणला आणि नळीतून बुडबुडे सोडून दाखवले, सोडा, सोडा. काचेतून तिचे भेदरलेले डोळे त्याला दिसले. आणि तो गुणगुणू लागला. बुडबुड्यांचा लोंढा निघाला, छाती हलकी झाली. तिघे मिळून हळूहळू, अगदी सावकाश वर आले.

नावेत ओढून घेतल्यावर तारीकाकांनी त्याला बोलते केले, नाडी पाहिली, छाती दुखते का विचारले. काही दुखत नव्हते. तेव्हा कुठे सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

“बाबा, घाबरवलंत हो!” त्रिशला रडत हसत म्हणाली. “हे घ्या, आधी पाणी प्या.”

“पाणी राहू दे. मला बोलू दे,” व्यापारी म्हणाला. “तू गेलीस तेव्हा मी रागावलो होतो. तो राग आठ दिवसांत गेला. त्यानंतर तीन वर्षं नुसती लाज होती, पोरी. माझं चुकलं.”

आणि मग तो बोलतच राहिला. फोन वाजायचा तेव्हा तो दाराआड उभा राहून कसा ऐकायचा तेही सांगितले. त्रिशला त्याचा ओला हात हातात धरून ऐकत होती, मधेच एखादे “हो का, बाबा?” म्हणत होती.

किनारा समोर दिसत होता, फार तर पाच मिनिटांवर. तारीकाकांनी इंजिन हळू केले आणि नाव बेटाला वळसा घालून लांबच्या वाटेने नेली.