पोवळ्याचा शनिवार

बैल-घोडे बोलायचे आणि माणसं निदान ऐकून घ्यायची, त्या काळातली गोष्ट. कोकणात मुसाजी नावाचा इस्रायली तेली राहायचा. शनिवार हा त्याच्या यहुदी धर्मात विसाव्याचा दिवस, त्या दिवशी त्याचा घाणा बंद असायचा, म्हणून गाव त्याला शनवार तेली म्हणायचं. घाण्याचा बैल पोवळ्या त्या एका दिवसाच्या आशेवर आठवडाभर गोल गोल फिरायचा.

एका शनिवारी देशमुखांचा घोडा दारात खिंकाळला. "आज लग्न आहे. तेल आत्ता पाहिजे!"

देशमुखांना नाही म्हणायची मुसाजीची छाती नव्हती. तो जू घेऊन गोठ्यात आला. "पोवळ्या, मी घाण्याला हात लावणार नाही. तू एकटाच फिर, म्हणजे माझा शनिवार मोडत नाही."

"वा, मालक! आणि माझा?"

"बैलाला कसला आलाय शनिवार?"

"फारो राजानं तुमच्या वाडवडिलांना मिसरात विटा पाडायला जुंपलं, उसंत दिली नाही, मग देवानं मोशेला पाठवून त्यांना सोडवलं. ही गोष्ट दरवर्षी मला तुम्हीच सांगता. तुम्ही उपरण्यानं डोळे पुसता, मी शेपटीनं."

"मग?"

"त्या गोष्टीत आज मी कोण, ते मला कळलंय. तुम्ही कोण, तेवढं सांगा आणि घाला जू."

मुसाजीनं मान खाली घातली. मग जू खुंटीला टांगून तो बाहेर आला.

"तेल उद्या. देशमुखांना सांग, आज आमच्या बैलाचा शनिवार आहे."

घोडा चपापला. मग गोठ्यात तोंड घालून हळूच म्हणाला, "पोवळ्यादादा, ती गोष्ट आमच्या देशमुखांना सांगायला कधी येतोस?"