खडकाला थोपवणारी दुर्गव्वा

देवळाच्या पायरीवर देणगी देणाऱ्याचं नाव कोरता, पुलावर उद्घाटन करणाऱ्याचं. ज्यांनी तो दगड डोंगरातून काढून दिला, त्यांतलं एक तरी नाव ठाऊक आहे का तुम्हांला?

निंबखड्याच्या गावकऱ्यांना ठाऊक आहे.

नदीवर पूल नव्हता, त्या काळची गोष्ट. पुलासाठी दगड काढायला वडारांची टोळी आली, आणि टोळीची मुकादम होती दुर्गव्वा. खडकावर घणाचा हलका ठोका दिला की आतली भेग तिला ऐकू यायची, असं म्हणतात. ती सांगेल तिथे पाचर बसायची आणि दगड भाकरीसारखा दुभंगायचा.

तिचा एकच नियम कडक होता. फोडलेल्या कड्याच्या सावलीत कुणी जेवायचं नाही. झाड नसलं तर उन्हात बसायचं.

वैशाखातल्या एका दुपारी तिच्या भावजयीचं, यंकव्वाचं, तान्हं लेकरू उन्हानं कोमेजून गेलं.

"अक्का, आजच्या दिवस बसू दे की सावलीला."

"कडा काय तुझा मामा लागतो?" दुर्गव्वा म्हणाली. पण लेकराकडे बघून तिचं मन विरघळलं. "बस. लवकर उरक."

एक बसली, तशी सगळी टोळीच सरकली. दुर्गव्वानं सवयीनं कड्याला कान लावला. आत करकरत होतं.

तिनं कड्याला पाठ लावली आणि हळूच म्हणाली, "माझी माणसं जेवतायत. तेवढं थांब." मग टोळीकडे वळून म्हणाली, "उठा रे. भाकरी हातात घ्या. लेकराला आधी न्या."

शेवटचा माणूस बाहेर पडेपर्यंत अख्खा डोंगर तिच्या पाठीशी शहाण्या बैलासारखा उभा राहिला, असं म्हणतात. मग यंकव्वा ओरडली, "अक्का, आता तू ये!" दुर्गव्वानं पाठ काढली, आणि कड्याचा धीर सुटला.

टोळीनं सगळा ढिगारा उपसला. ती सापडली नाही. पण त्यातला एकही दगड घडवावा लागला नाही. सगळे पुलात जसेच्या तसे बसले, असं म्हणतात.

आता तिथे क्रशर आहेत, डंपर आहेत. तरी दर वैशाखात दुर्गव्वाच्या नावानं एका खाणवाल्याचा सत्कार होतो. जास्त खडी काढणाऱ्याचा नव्हे. ज्याची सगळी माणसं वर्षभर धडधाकट घरी गेली, त्याचा. त्याला नारळ आणि घण देतात, आणि मग तो सगळ्यांना वाढतो. भर उन्हात.

यंदा एक नवा डंपरवाला पत्रावळ उचलून कड्याकडे निघाला. "डोकं तापलं राव माझं!"

पंगतीतल्या एका म्हातारीनं त्याला हाताला धरून खाली बसवलं.

"ऊन लागतंय म्हणजे जिता आहेस, बाबा. गप जेव."